एका सागोतीचा गोतावळा

घरी दहा-बारा माणसांना जेवायला बोलवायचे ठरले, की कागद-पेन्सिल घेऊन बेत लिहायला सुरुवात होते. पहिल्या ओळीत बहुधा घरचा हातखंडा पदार्थ असतो. दुसऱ्या ओळीपासून शंका सुरू होतात. त्यांना तिखट चालेल का? ते नारळात केलेले खातात का? साहेबांच्या घरी तर म्हणे स्वयंपाकी आहे! एकेका शंकेसरशी कागदावर एकेक पदार्थ वाढत जातो. पनीर येते, मलई कोफ्ता येतो, पुलाव येतो, नूडल्सही येतात. यादी पुरी होता होता पहिली ओळच खोडली जाते.

पाहुणे येतात, पोटभर जेवतात, ‘छान होते हं सगळे’ म्हणून निरोप घेतात. पण ज्या घरी ते जेवले, त्या घरची चव काही त्यांना कळलेली नसते. अगदी असेच जेवण ते मागच्या महिन्यात दुसऱ्या कोणाकडे जेवलेले असतात आणि पुढच्या महिन्यात तिसऱ्या कोणाकडे जेवणार असतात.

पाहुण्यांचे जेवण म्हणजे हॉटेलसारखे जेवण, ही समजूत फार जुनी नाही. १९४७ च्या फाळणीनंतर दिल्लीत येऊन स्थिरावलेल्या पंजाबी हॉटेलवाल्यांनी तंदूर आणि टोमॅटो-लोण्याचा रस्सा लोकप्रिय केला. तिथून तो देशभरच्या हॉटेलांत गेला, मग लग्नाच्या जेवणात आला आणि शेवटी घरच्या पाहुणचारातही शिरला. त्या रश्श्याशी कोणाचे भांडण नाही. नीट केलेला असेल, तर तो उत्तमच लागतो. पण कुडाळचे घर असो, कटकचे असो की मदुराईचे, पाहुण्याच्या ताटात सगळीकडे तोच पडू लागला, तर पाहुण्याने कोणाच्या घरी जायचे ते कशासाठी?

समजा, कुडाळकडचे एक कुटुंब नोकरीनिमित्त बंगळुरूला राहते आहे. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि उन्हाळ्यात गावाहून येऊन राहिलेल्या सासूबाई. मुलाला बढती मिळाली म्हणून ऑफिसातल्या आणि शेजारच्या मंडळींना मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री जेवायला बोलवायचे ठरते. घरचे धरून दहा मोठी माणसे आणि चार मुले. मुलगा म्हणतो, ‘‘आईच्या हातची कोंबडीची सागोती करू या.’’ सूनबाईला ती आवडत नाही असे मुळीच नाही. पण तिला वेगळीच काळजी आहे. ती नवऱ्याला हळूच म्हणते, ‘‘अहो, आपली सागोती दिसायला काळपट. लोकांना लालभडक, वर क्रीम घातलेली करी लागते. कोणी खाल्ली नाही, तर आईंनाच वाईट वाटेल. त्यापेक्षा हॉटेलातून मागवू या ना!’’

फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर काही फार लांब नसते. सासूबाई ऐकतात आणि त्या वेळी काहीच बोलत नाहीत. संध्याकाळी एवढेच म्हणतात, ‘‘मागवा हो. माझ्याने आता एवढा वेळ उभे राहवतही नाही.’’

गुडघे दुखतात हे खरेच असते. पण त्यांच्या या वाक्यात तेवढेच नसते. ज्या सागोतीसाठी गावी चार घरची माणसे वाट पाहत, ती मुलाच्या घरी पाहुण्यांपुढे ठेवायला कमीपणा वाटतो, हे त्यांनी ओळखलेले असते. आणि दोन्ही नातवंडे हे सगळे पाहत असतात. आपल्या घरचे अन्न फक्त आपणच खायचे, चारचौघांत मांडायचे नाही, हा धडा मुले अशाच एखाद्या संध्याकाळी शिकतात. म्हणून हा प्रश्न एका रात्रीच्या जेवणापुरता नसतो.

आधी सागोती, मग बाकीचे

या पेचातून बाहेर पडायची वाट बेताच्या कागदातच असते. एरवी आपण पदार्थ गोळा करतो आणि मग ते एकमेकांशी जुळतात का ते पाहतो. त्याऐवजी मुख्य रस्सा आधी पक्का करावा आणि त्याला काय काय लागते, ते त्यालाच विचारावे. बाकीचा बेत आपोआप सुचत जातो.

सागोतीचा स्वभाव कसा? ती तिखट असते, दाट असते आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपामुळे जड असते. तिचा तो काळपट तपकिरी रंग हा दोष नव्हे. खोबरे आणि कांदा धीराने, मंद आचेवर खरपूस भाजल्याची ती खूण आहे. उतावळेपणाने भाजले, तर खोबरे करपते आणि रस्सा कडवट होतो. कच्चे ठेवले, तर रंग फिका येतो आणि चवही.

एवढे लक्षात घेतले, की तिचे सोबती ठरतात. रस्सा टिपायला वडे हवेत. तांदूळ, उडीद आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात धने, जिरे, मेथी दळून घातलेले हे मालवणी वडे आणि सागोती यांची जोडी कोकणाने कधीच जुळवून ठेवलेली आहे. जडपणावर उतारा म्हणून आंबट आणि थंड काही हवे, तर सोलकढी आहे. दाताखाली कुरकुरीत काही हवे म्हणून काकडीची कोशिंबीर, कांद्याच्या चकत्या आणि लिंबाच्या फोडी. शेवटी रश्श्यात कालवायला आणि वर कढी ओतून घ्यायला साधा पांढरा भात. पुलाव नको. पुलावातले मसाले आणि सागोतीतले मसाले एका ताटात भांडतात.

काय करायचे नाही, हेही सागोतीच सांगते. नारळ रश्श्यात आहे आणि सोलकढीतही आहे. मग शेवटचे गोड पुन्हा नारळाचे कशाला? एरवी खापरोळ्यांना किंवा शिरवाळ्यांना तोड नाही. पण या बेतात मे महिन्याच्या पिकल्या आंब्याचे गार काप पुरे. कढीत कोकम आहे, तेव्हा पाहुणे आल्या आल्या कोकम सरबत न देता कैरीचे पन्हे द्यावे. आणि पन्ह्याबरोबर कटलेट, भजी, समोसे यांचा मारा करू नये. गप्पांच्या नादात पाहुणे तिथेच पोट भरतात आणि मुख्य जेवण समोर येईपर्यंत भूक मेलेली असते. मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवले, तरी भागते.

‘‘एवढेच? कमी नाही का दिसणार?’’ असे सूनबाईला वाटणारच. पण ताट भरलेले दिसणे वेगळे आणि जेवण जमणे वेगळे. पाचसहा पदार्थ एकमेकांसाठी केलेले असले, की बारा पदार्थांची उणीव कोणाला भासत नाही.

विचारायला संकोच कसला?

‘त्यांना चालेल का?’ या शंकेचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे आधी विचारणे. आपल्याकडे उगाचच वाटते, की असे विचारणे पाहुण्याला अवघड जाईल. खरे तर न विचारता वाढले, तरच तो अवघडतो. कोणी शाकाहारी असेल, कोणी जैन असेल आणि कांदा-लसूण खात नसेल, कोणाला मांस हलालच लागत असेल, कोणाच्या मुलाला शेंगदाणे सोसत नसतील. वारही पाहावा. कोकणातल्याच कितीतरी घरांत सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी मांसाहार होत नाही, श्रावणात तर नाहीच. रविवार ठरवला हे म्हणूनच बरे झाले.

शाकाहारी पाहुण्यांसाठी पुन्हा पनीरकडे धावायची गरज नाही. सागोतीची सख्खी बहीण घरातच आहे, ती म्हणजे काळ्या वाटाण्याचे सांबारे. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावेत, दुसऱ्या दिवशी मऊ शिजवावेत आणि तेच भाजलेले वाटप, तोच मसाला घालून उकळावेत. कांदा-लसूण नको असेल, तर नुसते खोबरे आणि धने भाजून वाटावे. तेही उत्तम लागते. मात्र हे पातेले आणि हा डाव शेवटपर्यंत वेगळा ठेवावा. मग शाकाहारी पाहुण्याला वेगळे, उपचारापुरते ताट मिळत नाही. सगळ्यांच्या ताटात एकाच घरची चव असते. वडे, कढी, कोशिंबीर सगळ्यांनाच चालतात. फक्त वड्यांचे तेल इतर कशासाठी वापरलेले नसावे आणि जैन पाहुण्यांसाठी थोडी कढी लसणाशिवाय आधीच काढून ठेवावी.

राहिला तिखटाचा प्रश्न. मालवणी मसाल्यात बेडगी मिरची भरपूर असते. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाचे नाव लावणारी ही मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची असते. म्हणजे सागोती दिसते तेवढी जहाल नसते. तरीही मुलांसाठी थोडा रस्सा वेगळा काढून त्यात नारळाचे दूध घालावे. कोणाला ठसका लागलाच, तर पाण्याचा पेला पुढे करून उपयोग नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तो स्निग्ध पदार्थात विरघळतो. दही किंवा दूध दिले, की जीभ लवकर शांत होते. टेबलावर दह्याची एक वाटी असू द्यावी.

मुठीचे माप वाटीत

सासूबाईंची अडचण मात्र अजून तशीच आहे. इतक्या माणसांचा स्वयंपाक उभ्याने करायचा, तर गुडघे ऐकणार नाहीत. आणि सूनबाईने करायचा, तर तिला माप माहीत नाही. विचारले, तर उत्तर येते, ‘‘मसाला बेताने घाल. वाटप अंदाजाने घे. वायच चाखून बघ गो, कळते आपोआप.’’

हा ‘अंदाज’ पन्नास वर्षांच्या हातात असतो. तो हात थकला, की अंदाजही जातो. कितीतरी घरांतल्या आमट्या, रस्से, चटण्या अशाच गेल्या आणि नंतर फक्त ‘आई करायची तसे आता कोणाला जमत नाही’ एवढे वाक्य उरले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली आले आणि मराठी घराघरांत पोहोचले, त्यामागे एक साधे कारण होते. त्यांनी मापे दिली, ती घरातल्या वाटी-चमच्याची. नवख्या मुलीला ती समजली आणि तिचा स्वयंपाक जमला. प्रत्येक घराने आपल्या एकदोन पदार्थांपुरती अशी वही केली, तरी पुष्कळ.

मेजवानीचा दिवस ही त्यासाठी चांगली संधी असते. सासूबाई खुर्चीवर बसून सांगतील आणि सूनबाई करील. त्या मूठभर खोबरे परतायला टाकू लागल्या, की सुनेने म्हणावे, ‘‘आई, आधी या वाटीत टाका.’’ मूठ वाटीत रिकामी करायची, वाटी कागदावर लिहायची आणि मग पातेल्यात टाकायची. एका दुपारी पन्नास वर्षांचा अंदाज मापात उतरतो. नात जवळ असेल, तर लिहायचे काम तिला द्यावे.

या कुटुंबाचा हिशेब साधारण असा होईल. हाडांसकट कोंबडी अडीच किलो. तिला हळद, मीठ आणि आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण चोळून तासभर ठेवायचे. वाटपासाठी दोन मध्यम नारळ आणि सहा-सात कांदे, थोड्या तेलावर खरपूस भाजून बारीक वाटलेले. मालवणी मसाला सहा-सात मोठे चमचे, पण आधी पाच घालून चाखायचा आणि मग वाढवायचा. कारण प्रत्येक घरच्या मसाल्याचे तिखट निराळे असते. पाव किलो काळे वाटाणे आणि त्यांना अर्ध्या नारळाचे वाटप. सोलकढीसाठी आणखी दोन नारळांचे दूध आणि पंधरा-वीस आमसुले. वड्यांचे पीठ एक किलो. त्यात पंचेचाळीस-पन्नास लहान वडे होतात. वडे आहेत, म्हणून तांदूळ पाऊण किलो पुरेत.

मसाला सासूबाईंनी गावाहून आणलेलाच असतो. उन्हाळ्यात मिरच्या, धने, बडीशेप, दगडफूल कडकडीत वाळवून, भाजून, कुटून आणि हिंगाचे खडे घालून बरणीत भरलेला. ज्या महिन्यात तो ताजा असतो, त्याच महिन्यात पाहुणे यावेत, हा योगही चांगलाच.

वडे कोणी तळायचे?

या बेतात एकच गोष्ट शेवटच्या क्षणी करावी लागते, ती म्हणजे वडे. गार वडे चामट होतात. ते गरमच हवेत. आणि इथेच बहुतेक मेजवान्या घरच्या बाईपुरत्या बिघडतात. बाहेर हसण्याचे आवाज चालू असतात आणि ती कढईपुढे उभी असते. पाहुणे जाताना दारात तिला म्हणतात, ‘‘अहो, तुमच्याशी बोलणे झालेच नाही!’’ ती हसते. सगळे गेल्यावर उरलेल्या रश्श्याशी चार घास खाते.

म्हणून बेत ठरवताना पदार्थांच्या नावापुढे माणसांची नावेही लिहावीत. शनिवारी वाटाणे भिजत घालावेत, कांदा-खोबरे भाजून, वाटून फ्रिजमध्ये ठेवावे. रविवारी दुपारी सागोती आणि सांबारे करावे. मुरल्यावर दोन्हीची चव वाढते, म्हणून ती आधी केलेली बरी. पण मे महिन्याच्या उकाड्यात शिजलेली कोंबडी ओट्यावर तशीच ठेवू नये. पसरट भांड्यांत काढून लवकर निववावी, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावी आणि वाढण्याआधी चांगली खळखळून उकळावी. भातही सकाळी करून ठेवू नये, आयत्या वेळीच लावावा. सोलकढी संध्याकाळी करून गार करावी. ती मात्र उकळायची नाही, उकळली की फाटते. वड्यांचे पीठ दुपारी कोमट पाण्यात भिजवून तीन-चार तास झाकून ठेवावे.

आणि वडे? ते मुलाने तळावेत. त्याच्याच बढतीची तर मेजवानी आहे! शनिवारी दहा वडे थापून, तळून सराव करावा. पहिले दोन फुगणार नाहीत, तिसरा फुगेल. केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर तेलाचे बोट लावून वडा थापायचा, तेल चांगले तापले की सोडायचा आणि झाऱ्याने हलकेच दाबायचा. यात पुरुषाला न जमण्यासारखे काय आहे? फार तर एखादा मित्र मदतीला येईल आणि दोघांची कढईपाशीच मैफल जमेल. साहेबांनी स्वयंपाकघरात डोकावून ‘‘अरे, हे तुम्ही करता?’’ असे विचारले, तरी त्यात बिघडण्यासारखे काही नाही.

मग पंगतीत सासूबाई बसू शकतात. सूनबाई बसू शकते. सागोती काळपट का, असे कोणी विचारलेच, तर उत्तर द्यायला ती केलेल्या दोघीही समोर असतात. भाजलेल्या खोबऱ्याचे सांगताना गाव येते, गावातले घर येते, त्या घरात शिकवणारी आणखी एखादी म्हातारी येते. समोरच्या पाहुणीलाही मग आपल्या आईचा मोहरीतला मासा आठवतो, नाहीतर आजीचे कुळंबू. हॉटेलातून आलेल्या डब्यांभोवती अशा गोष्टी सहसा निघत नाहीत, कारण त्या डब्यांमागे सांगण्यासारखे कोणी बसलेले नसते.

एखाद्या पाहुण्याला सागोती आवडणारही नाही. तो दोन घास घेऊन कढी-भातावर जेवेल. त्याने काही बिघडत नाही. घरच्या पदार्थाची परीक्षा नसते, ओळख असते, आणि ओळख करून दिल्यावर प्रत्येकाशी गट्टी जमलीच पाहिजे असे थोडेच आहे? आपण मात्र आपली ओळख लपवली नाही, हे नातवंडांनी पाहिलेले असते.

तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्यांना बोलवताना घरचा एक रस्सा आधी निवडा. तो मालवणी असो, खानदेशी असो, कोल्हापुरी असो की साधी चिंचगुळाची आमटी. बाकीचे पदार्थ त्याच्या सोयीने ठरवा. आणि रात्री टेबलाभोवती खुर्च्या मांडताना पाहुणे मोजाल, तेव्हा ज्या हातांनी तो रस्सा केला, त्या हातांची खुर्चीही मोजायला विसरू नका.